फ्यूज खिशात

रविवारी सकाळी चहाचा दुसरा कप घेऊन दीपमाला लॅपटॉपसमोर बसली, आणि लॅपटॉपनं तिला सरळ सांगून टाकलं की वाय-फाय नावाची वस्तूच आपल्याकडे नाही. शब्द वेगळे होते, इंग्रजी होते आणि ऑफिसातल्या माणसासारखे सभ्य होते : अ‍ॅडाप्टर सापडला नाही. बंद आहे म्हणाला असता तर तिनं चालू केला असता. बिघडलाय म्हणाला असता तर दुरुस्त केला असता. उभा जन्म तिनं तेच केलं होतं. पण सापडलाच नाही म्हटल्यावर माणसानं करायचं काय? हातातला चहा तसाच धरून ती त्या ओळीकडे बघत राहिली. वरच्या मजल्यावर सुमनताईंच्या नातवाचं जावळ होतं, आणि पाट सरकल्याचे, पातेली आपटल्याचे, पोरं धावल्याचे आवाज छतातून खाली झिरपत होते. अकराला तिचा वर्ग होता. आयुष्यातला पहिला. राजगुरुनगरच्या एका संस्थेला खेड तालुक्यातल्या आयटीआयच्या मुलामुलींना विजेच्या कामातली सुरक्षितता शिकवायला माणूस हवा होता, आणि कुणीतरी दीपमालाचं नाव सुचवलं होतं. ‘आज एक तास घ्या मॅडम, जमलं तर दर रविवार तुमचा,’ असं तिथले सर म्हणाले होते. आणि लॅपटॉपवरूनच घ्या, चित्रं दाखवावी लागतात, असंही. चित्रं तिनं आठवडाभर खपून जमवली होती. जळालेला स्टार्टर, वितळलेली केबल, टाचेला भोक पडलेला बूट. तिच्या कंपनीनं चाकणचा प्लांट दूर कुठंतरी हलवला आणि ती घरी बसली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. कुणी विचारलं ‘सध्या काय करता?’ की ती ‘काही नाही’ म्हणायची, आणि अलीकडे तिला वाटू लागलं होतं की हे उत्तर आपल्या अंगाला चिकटायला लागलंय. तिला हा वर्ग हवा होता. भूक लागल्यावर भाकरी हवी असते तसा हवा होता, उगाच आढेवेढे कशाला.

सापडला नाही. हे वाक्य तसं तिच्या जुन्या ओळखीचं होतं. अप्रेंटिस म्हणून कंपनीच्या गेटवर ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा चाकणच्या त्या रस्त्याला अजून शेतं लागून होती, आणि कांद्याचा वास आणि ताज्या डांबराचा वास एकमेकांत मिसळून नाकात शिरत होता. वडिलांनी पिंपरीच्या कारखान्यातून सुट्टी काढून तिला बसपर्यंत सोडलं होतं आणि बस सुटेपर्यंत ‘जय भीम’ शिवाय दुसरं काही बोलले नव्हते. गेटवरच्या वॉचमननं कागद पाहिला. त्यावर लिहिलं होतं, डी. ओव्हाळ, इलेक्ट्रिशियन. वॉचमन म्हणाला, ‘ओव्हाळ अजून आलेला नाही. आला की बघू. तुम्ही कोण त्याच्या?’ ‘मीच’ एवढं दोन अक्षरांचं उत्तर, पण त्या खाकी कपड्यांसमोर ते दीपमालाला देता आलं नाही. ‘बसा तिकडं,’ तो म्हणाला. ती बाकावर बसली. पहिल्या शिफ्टची माणसं आत गेली, ट्रक आले, ट्रक गेले, ऊन पायांवरून गुडघ्यांवर चढलं, आणि एकदा तर तिनं मान वळवून रस्त्याकडे पाहिलंसुद्धा, हा ओव्हाळ येतोय की काय म्हणून. त्याचं आता तिला इतकं हसू यायचं की लेकीला, नेहाला, ही गोष्ट सांगताना ती कधीच शेवटपर्यंत धड पोचत नसे. दुपारी आतून एक काळा, ठेंगणा माणूस आला. ते चिमाजी, मेंटेनन्सचे जुने इलेक्ट्रिशियन, चऱ्होलीचे.

‘ओव्हाळ आला का रं?’ त्यांनी वॉचमनला विचारलं.

‘न्हाई ना भाऊ. पत्ताच न्हाई पोराचा.’

चिमाजींनी बाकाकडे पाहिलं. दीपमालाच्या ओढणीला टेस्टर अडकवलेला होता. ‘पोरी, ह्यो टेस्टर कुणाचा?’

‘माझा.’

‘मंग ओव्हाळ तूच न्हवं?’

‘हो.’

‘मंग हितं सकाळधरनं कुणाची वाट बघाया बसलीस? तुजीच व्हय?’

आणि ते असे हसले की वॉचमनही हसला, आणि मग तीही. त्या हसण्यातूनच ती आत गेली. पुढं लग्न झालं, घरचं आडनाव बदललं, पण कंपनीत ती शेवटच्या दिवसापर्यंत ओव्हाळच राहिली. ते नाव तिनं एवढा वेळ बसून मिळवलं होतं, ते ती असं सोडणार थोडीच.

समोरचा लॅपटॉपही त्याच कंपनीतला, मेंटेनन्सच्या खोलीतला. जाडजूड, विटेसारखा, कडांना ग्रीसचे जुने डाग. मशीनला जोडून तिचे प्रोग्रॅम तपासायला त्याचा उपयोग व्हायचा आणि तो उपयोग बहुतेक वेळा दीपमालाच करायची, म्हणून प्लांट आवरताना साहेबांनी तो तिलाच देऊन टाकला. निरोपाच्या शालीपेक्षा तिला त्याचाच आनंद जास्त झाला होता. पण घरी आल्यावर तो चालू व्हायलाच एवढा वेळ घ्यायचा की तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या. मागच्या रविवारी लेक नेहा बंगळूरहून आली होती. तिनं पेनड्राइव्ह लावला, जुनं सगळं पुसलं आणि लिनक्स नावाची नवी, हलकी प्रणाली घातली. ‘आता बघ, म्हातारा कसा पळतो,’ म्हणाली, आणि खरंच पळाला. जाता जाता बॅग खांद्याला लावत तिनं सांगितलं होतं, ‘वाय-फायला कदाचित ड्रायव्हर टाकावा लागेल, तो मी फोनवरून सांगीन.’ दीपमालानं मान डोलावली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, ही सगळी आठवडाभरानं बघायची गोष्ट. आणि आठवडा कसा संपतो ते कुणाला कळलंय.

तिनं फोन लावला. नेहा मैत्रिणींबरोबर कुठल्याशा डोंगरावर निघाली होती, मागं बसचं इंजिन घुमत होतं.

‘आई, घाबरू नको,’ ती म्हणाली. ‘वाय-फायची चिप आत असणारच. तिच्याशी बोलायचं कसं हे लॅपटॉपला माहीत नाही, एवढंच. ड्रायव्हर टाकला की ती भाषा त्याला येते.’

‘म्हणजे आहे ना ती आत?’

‘बघूच ना. ती काळी खिडकी उघड. हां, टर्मिनल. आता मी सांगते ते लिही.’

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. उंट बंगळूरला आणि शेळी चिखलीच्या सोसायटीत. पण दीपमालाला ती काळी खिडकी आवडली. काळ्यावर पांढरी अक्षरं, टिमटिमणारी एक उभी काडी, तिच्या पहिल्या सीएनसी मशीनच्या पडद्यासारखी. उगाच रंग नाहीत, नाचणारी चित्रं नाहीत. तुम्ही बोला, मी ऐकतो. तिनं नेहानं सांगितलेली अक्षरं टाकली आणि खालोखाल ओळी उमटल्या : मशीनच्या पोटात काय काय आहे ते. चष्मा नाकावर सरकवून ती एकेक ओळ वाचत गेली, आणि तळाशी, सगळ्यांच्या शेवटी, ‘नेटवर्क कंट्रोलर’ म्हणून एक ओळ होती, पुढं कंपनीचं नाव, पुढं नंबर.

‘नेहा, आहे गं! नाव आहे, नंबर आहे. दारातच बसवून ठेवलंय त्याला!’

‘कुणाला?’ नेहा म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती एवढ्यानं हसली की बसमधल्या कुणीतरी तिला काहीतरी विचारलं.

आता ड्रायव्हर उतरवून घ्यायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट मिळायला वाय-फाय हवं, आणि वाय-फायला ड्रायव्हर हवा. नेहानं वाट सांगितली : फोन केबलनं लॅपटॉपला जोडायचा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळतं. पण दीपमालाच्या फोनचं चार्जिंगचं भोक ढिलं झालं होतं, केबल अंगठ्यानं वर दाबून धरली तरच चिकटायची. म्हणून डाव्या अंगठ्यानं केबल दाबून आणि उजव्या हाताच्या एका बोटानं अक्षरं शोधून ती लिहू लागली. अशा अवघडलेल्या अवस्थेत तिनं कितीतरी पॅनेलमध्ये काम केलं होतं, एक हात मशीनच्या पाठीमागं, तोंडात बॅटरी, पायाखाली हलणारी शिडी. तिला मजा वाटायला लागली. मग पासवर्ड मागितला. ती लिहू लागली आणि पडद्यावर काहीच उमटेना. ना अक्षर, ना ठिपका.

‘काही लिहिलं जात नाहीये गं.’

‘जातंय आई. दिसत नाही, पण जातंय. पूर्ण लिही आणि एंटर दाब.’

दिसत नाही पण जातंय. तिनं विश्वासानं सगळा पासवर्ड अंधारात लिहिला, एंटर दाबलं, आणि ओळी सुरू झाल्या. खालून वर, एकीवर एक, कन्व्हेअरवरून माल सुटावा तशा. मध्येच एक रेघ हळूहळू भरत जायची, शंभर टक्के व्हायची, पुढची सुरू व्हायची. अंगठा बधिर झाला तरी तिनं सोडला नाही. तेवढ्यात नेहाचे वडील धम्मरत्न आतून पांढरा सदरा घालून बाहेर आले. दर रविवारी ते देहूरोडच्या विहारात जात, आज वंदनेनंतर खिरीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. बायकोला एका हातानं फोन दाबून आणि दुसऱ्या हातानं लॅपटॉप कुरवाळून बसलेली पाहून ते दारातच थांबले.

‘नाही चाललं तर बंद करून चालू करून बघ,’ ते म्हणाले.

‘मेंटेनन्सच्या बाईला हे सांगता?’

‘म्हणूनच सांगतो. तुम्ही लोक साधं काही करत नाही.’ आणि स्कूटरची किल्ली फिरवत ते जिना उतरून गेले.

ओळी थांबल्या. नेहानं लॅपटॉप पुन्हा सुरू करायला सांगितला. दीपमालानं केला आणि पाहत राहिली. या वेळी सेटिंगमध्ये ते वाक्य नव्हतं. वाय-फाय असा शब्द होता, पुढं चालू-बंद करायची छोटी गोल खूण होती. सापडला! ती एकटीच हात उंचावून ओरडली, पहिल्या ट्रायलला पत्रा ठोकायची प्रेस नीट चालली की मेंटेनन्सची सगळी टोळी ओरडायची तशी. मग तिनं ती खूण सरकवली. खूण सरकली नाही. फिकट राखाडी, मेल्यासारखी. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. नेहानं काळ्या खिडकीत आणखी एक आज्ञा द्यायला लावली आणि उत्तर आलं ते दीपमालानं मोठ्यानं वाचलं : ‘सॉफ्ट ब्लॉक्ड : नो. हार्ड ब्लॉक्ड : येस.’

नेहा म्हणाली, ‘म्हणजे ड्रायव्हर बरोबर बसला. सॉफ्टवेअरनं कुठं अडवलेलं नाही. हार्डवेअरनंच अडवलंय. आई, तू तो उघडला होतास का?’

‘बुधवारी. पंखा साफ केला. फार घरघरत होता.’

‘मग आत काही सुटलं असेल गं, वायर-बियर. किंवा चिपच गेली असेल. आई, पुढं घाट आहे, आवाज तुटतोय, तू सरळ फोनवरून—’ आणि घाटानं तिला गिळलं.

दीपमाला स्वतःच्या हातांकडे बघत बसली. जगानं तिला सापडली नाही म्हणावं, नाव चुकवावं, दारात बसवावं, हे सगळं तिनं हसून पचवलं होतं. पण हात चुकला असेल? ही गोष्ट वेगळी होती. हे हात तिनं घडवले होते, आणि त्यांनी तिला. वर्षभर त्यांना काम नव्हतं. पोळ्या लाटणं, मेथी निवडणं हेही कामच, पण त्यात हातांना विचार करावा लागत नाही. बुधवारी पहिल्यांदा तिनं जुनी स्क्रूड्रायव्हरची पेटी काढली होती आणि दुपारभर तिला इतकं बरं वाटत होतं की ती गुणगुणत होती. स्क्रू डब्याच्या झाकणात काढल्या क्रमानं ठेवले होते. ब्रशनं पंख्याच्या पात्यांतला मऊ, करडा बुरा काढला होता. वाय-फायच्या दोन बारीक वायरी, एक काळी, एक पांढरी, तिनं पाहिल्या होत्या आणि हात न लावता बाजूनं गेली होती. गेली होती ना? आता खात्री वाटेना. पन्नाशी उलटली, चष्म्याचा नंबर वाढला, आणि हात जर आपल्याला न सांगता चुकायला लागले असतील तर आपण त्या मुलांसमोर कोणत्या तोंडानं उभं राहायचं? शिकवणार काय, तर वीज जपून हाताळा. आणि हातातलं खेळणं स्वतः मोडून बसायचं. चहा गार झाला होता. छतावर कुणीतरी खळखळून हसलं.

तिला चिमाजींचे फ्यूज आठवले. ते आठवायलाच हवेत असं काही नव्हतं, पण मन जिथं दुखतं तिथून पळून नेमकं कुठं जाईल ते सांगता येत नाही. कंपनीत बंद मशीनला लावायची लाल कुलपं आणि नावाच्या चिठ्ठ्या आल्या त्या फार नंतर. त्याआधी चिमाजींचा एकच कायदा होता : मशीनला हात लावायच्या आधी जे जे बंद होतं ते सगळं बंद करायचं, डोळ्यांना दिसेल तो खटका खाली, आणि मेन फ्यूज काढून आपल्या खिशात. फ्यूज आपल्या खिशात असला की मशीन कुणाच्या बापाला चालू करता येत नाही. ही सवय त्यांनी दीपमालाच्या हातात अशी घातली होती की तिला पुढं ती आठवावीही लागायची नाही. पॅनेल दिसलं की बोटं आपोआप कडेनं फिरायची आणि दिसेल ते खाली पाडायची. आणि त्याच चिमाजींनी एकदा काम संपवून, हात धुऊन, लुनावर टांग टाकून चऱ्होली गाठली, तीन फ्यूज खिशात घेऊन. दुसऱ्या शिफ्टला प्रेस चालू होईना. इंजिनिअर आले, नकाशे उघडले, वायरी तपासल्या, मोटर उघडायची भाषा सुरू झाली. तिकडं गिरजाबाईंनी नवऱ्याची पँट धुवायला घेतली आणि खिशातून चिनी मातीचे ते पांढरे फ्यूज बाहेर पडले. ‘ह्ये काय वो?’ त्या म्हणाल्या, ‘कंपनी घरी आणायला लागलासा व्हय?’ चिमाजी तसेच बनियनवर परत आले, लुना उभी करून ओल्या हातांनी फ्यूज बसवले आणि प्रेस धडाडली. ही गोष्ट प्लांटमध्ये प्रत्येक नव्या माणसाला सांगितली जाई, आणि चिमाजी स्वतः सगळ्यात रंगवून सांगत.

पण त्या दिवसापासून त्यांनी नवा नियम केला. काम संपलं की उलटी उजळणी. जे शेवटी बंद केलं ते आधी म्हणायचं, जे आधी बंद केलं ते शेवटी. मोठ्यानं म्हणायचं, त्यावर हात ठेवायचा, आणि शेजारी दुसरा माणूस उभा करायचा. त्यानं प्रत्येक वेळी ‘बघितलं’ म्हणायचं. नव्या दीपमालानं विचारलं होतं, दुसऱ्याला कामातलं काही कळत नसलं तर? तेव्हा चिमाजी म्हणाले होते, ‘त्यो शाना असाया नगंच. त्यानं निस्तं बगायचं. येकट्याला आपला खिसा दिसत न्हाई, पोरी.’

दीपमाला खुर्चीत ताठ बसली. बुधवारी ती एकटी होती. उजळणी केलीच नव्हती. घरी कोण कुणाची उजळणी घेतो?

तेवढ्यात बेल वाजली. दारात सुमनताई, जरीची साडी, कपाळावर घाम, हातात शिऱ्याची थाळी. त्या मूळच्या बीडकडच्या, पिंपरीत निम्मा जन्म गेला तरी बोली बीडचीच. दोन्ही घरांत मिळून एकच इंटरनेट होतं; पैसे भरायचं काम त्यांचं आणि त्यांच्या घरातल्या पंखे-मिक्सर-गिझरचं आजारपण दीपमालाचं.

‘घे माय, गरम हाय. काय करायलीस एवढी घाम फुटल्यावानी?’

‘ताई, या. जरा इथं उभ्या राहा. मी काहीतरी म्हणेन, मी हात ठेवीन तिकडं बघायचं आणि बघितलं म्हणायचं.’

‘अगं, वर न्हावी येऊन बसलाय, पाव्हणे बसल्यात...’

‘फार वेळ नाही लागणार. अकराला माझा वर्ग आहे, ताई.’

सुमनताईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि थाळी टेबलावर ठेवून पदर खोचला. ‘म्हण,’ त्या म्हणाल्या.

दीपमाला उभी राहिली. बसून उजळणी करत नाहीत. ‘उरलेली वीज जायला हे बटण दाबून धरलं होतं. सोडलं.’

‘बघितलं,’ सुमनताई म्हणाल्या, शाळेत म्हणावं तसं.

‘झाकणाचे स्क्रू काढले होते. बसवले.’

सुमनताई वाकल्या, लॅपटॉप उचलून खालून पाहिला. ‘हे बारके बारके व्हय? बघितलं.’

‘बॅटरी काढली होती. बसवली.’

‘बघितलं.’

‘त्याच्या आधी...’ दीपमाला थांबली. त्याच्या आधी काय? तिनं डोळे मिटले. बुधवारची दुपार, टेबलावर पडलेलं ऊन, बॅटरी काढायच्या आधी तिचा डावा हात लॅपटॉपच्या कडेनं फिरला होता. तिनं फिरवला नव्हता. तोच फिरला होता, पॅनेलच्या कडेनं फिरायचा तसा, दिसेल ते खाली पाडत. आणि आताही तो फिरला, आणि डाव्या कडेला, ग्रीसच्या जुन्या डागाशेजारी, अंगठ्याखाली काहीतरी नखाएवढं आलं. तिनं डोळे उघडून वाकून पाहिलं. एक पिटुकला सरकता खटका. शेजारी अँटेनाचं पुसट चित्र. कंपनीत त्याला कधी कुणी हात लावला नव्हता, कारण प्लांटमध्ये वाय-फायच नव्हतं. इतकी वर्षं तो तिथं होता आणि कुणाला दिसला नव्हता. आणि तिच्या हातानं तिला न विचारता तो इमानेइतबारे बंद केला होता. हात चुकला नव्हता. हाताला शिकवलं होतं तेच त्यानं अगदी तंतोतंत केलं होतं.

‘खटका बंद केला होता,’ ती म्हणाली. ‘चालू केला.’

टक. कडेला एक निळा दिवा लागला, मोहरीएवढा.

‘बघितलं!’ सुमनताई म्हणाल्या. ‘अगं, दिवा लागला की! मघापासून ह्याच्यासाठी बसलीस व्हय? काखेत कळसा आन् गावाला वळसा!’

‘फ्यूज माझ्याच खिशात होता, ताई,’ दीपमाला म्हणाली आणि तिला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. सुमनताईंना कसला फ्यूज, कसला खिसा काही कळलं नाही, पण हसणाऱ्या माणसाशेजारी कोरडं उभं राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दोघी एकमेकींचे हात धरून हसल्या. आणि समोर पडद्यावर नावं उमटू लागली. एक, मग दुसरं, मग घोळक्यानं. सगळी सोसायटी दाराशी येऊन उभी राहिली : ‘गच्चीवरचा वाघ’, ‘पासवर्ड मागू नये’, ‘जय भीम बी विंग’, ‘चिंटूचे पप्पा’, ‘माउली ३०४’, आणि सगळ्यांच्या वर, ठळक, पूर्ण ताकदीनं, सुमनताईंचं ‘वरचा मजला’. इतके दिवस ही माणसं हवेत तिच्या आजूबाजूलाच होती, भिंतींतून ये-जा करत होती. आनंद झाला, म्हणजे खरंच झाला, छातीत मावेना एवढा. ‘ताई, पळा आता,’ ती म्हणाली, ‘नातवाच्या डोक्याला वस्तरा लागायचाय.’ ‘तू शिरा खाय आधी,’ म्हणत सुमनताई जिना चढल्या.

अकराला ती साडी नीट करून बसली. पडद्यावर चौकोन उघडू लागले. कुणाच्या मागं कडबा रचलेला, कुणाच्या मागं टीव्हीचं कपाट, एकाच्या खांद्यावरून बकरी डोकावत होती. कुणीतरी म्हणालं, ‘मॅडम, दिसताय. आवाजबी येतोय.’ साधंच वाक्य, प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला म्हणतात ते. पण दीपमालानं ते मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. जळालेल्या स्टार्टरचं चित्र तिनं उघडलं होतं. ते तिनं बंद केलं. ‘आज सकाळी मी काय घोळ घातला ते आधी सांगते,’ ती म्हणाली, आणि तिनं लॅपटॉप, खटका, चिमाजी, लुना, गिरजाबाईंचा धुण्याचा दगड, सगळं सांगितलं. ओल्या फ्यूजपाशी सगळे चौकोन एकदम हसले. छतातून नातवानं भोकाड पसरल्याचा आवाज आला, म्हणजे वस्तरा लागला. ‘आता मी म्हणेन काय बंद केलं होतं,’ ती म्हणाली, ‘आणि तुम्ही सगळ्यांनी म्हणायचं, बघितलं.’

एक चौकोन काळाच होता. त्यावर फक्त नाव होतं : के. गाडे.

‘गाडे आहेत का आत?’ दीपमालानं विचारलं.

‘तो आलेला दिसत न्हाई, मॅडम,’ बकरीवाला मुलगा म्हणाला. ‘नुसतं नाव चालू हाय.’

‘आपण थांबू,’ दीपमाला म्हणाली. ‘गाडे, घाई नाही. डावीकडं खाली कॅमेऱ्याची खूण आहे, ती दाबा. दिसलं नाही तरी दाबा.’

सगळे थांबले. काळा चौकोन हलला, उजळला, आणि पत्र्याच्या भिंतीपुढं बसलेली एक सावळी मुलगी दिसू लागली, घट्ट वेणी, गळ्यातल्या ओढणीला अडकवलेला टेस्टर.

‘मॅडम, मी मघापासनं हितंच होते,’ ती म्हणाली. ‘आता दिसतीय का?’

दीपमालानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘बघितलं,’ ती म्हणाली.